कातरणीच्या दिवशीची मोजणी

मॅडम येणार म्हणून छबुआत्यानं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. त्या पोरगी बघायला येणार नाहीत, मेंढरं मोजायला येणार आहेत, हे तिला सकाळपासून चार वेळा सांगून झालं होतं. पण सांगणाऱ्यांत कोणी शहाणं आहे असं तिला वाटत नव्हतं.

“मेंढरं मोजाया कुणी पुण्याहून येतं व्हय?” चुलीपुढं बसून भाकरी थापता थापता ती म्हणाली. “लग्नाचा पोरगा आसंल तिला. आमच्या बबीला बघाया येती ती.”

“आजी, त्या माझ्या गाईड हायत. त्यांना एकच पोरगी हाय, पोरगा न्हाई,” बबिता म्हणाली.

“मग पुतण्या आसंल.”

चुलीभोवतीच्या बायका खो खो हसल्या. बबिता तेवढी हसली नाही. एरवी या म्हातारीचं बोलणं ऐकायलाच ती सुट्टीत मुद्दाम तिच्या गावी जायची. छबुआत्या म्हणजे तिच्या आजोबांची, म्हाळूआबांची धाकटी बहीण. लग्न होऊन उमापूरला गेली त्याला पन्नासच्या वर वर्षं झाली. म्हाळूआबा जाऊनही सहा वर्षं झाली. पण कातरणीला ती येणार म्हणजे येणारच. भाऊबीज चुकवेल, कातरणी चुकवायची नाही. मटणाच्या रश्श्यासाठी येते, असं सगळे चिडवायचे आणि तीही ‘व्हय, रश्श्यासाठीच’ म्हणायची.

दिवाळी झाली, ओढ्याला अजून पाणी आहे तोवर मेंढरं धुवायची आणि दुसऱ्या दिवशी लोकर कातरायची, ही त्यांच्या भावकीतली पद्धत. धारूरच्या डोंगराखाली जेवढी घरं, तेवढ्या घरचे गडी आपापली कातर घेऊन येतात. आज यांची, परवा त्यांची. मजुरी कोणी घेत नाही. जेवणाला मात्र मटण लागतं, आणि रस्सा पातळ झाला तर घरच्या बाईला वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. म्हणून ताराबाई पहाटेपासून पातेल्यापाशी होती. बबिताची आई कमी बोलायची. आज तर ती अजिबात बोलत नव्हती, आणि त्याचं कारण रस्सा नव्हतं.

बबिता या वेळी घरी आली होती ती एक घोर घेऊनच. विद्यापीठाच्या अर्थशास्त्र संस्थेत ती पीएच.डी. करत होती. विषय मेंढपाळ कुटुंबांचं उत्पन्न. तीन वर्षं बालाघाटाच्या कडेकडेनं हिंडून तिनं बासष्ट घरांचे फॉर्म भरले होते. मग पावसाळ्यात संस्थेची दोन माणसं फेरतपासणीला आली. सगळ्यांच्याच कामाची ती होते, तशी हिच्याही. ती माणसं बारा घरी गेली आणि सकाळी मेंढरं चरायला निघताना कळप कोंडायच्या जाळीच्या तोंडाशी उभी राहून त्यांनी डोकी मोजली. बारांपैकी नऊ घरी फॉर्ममधल्या आकड्यापेक्षा मेंढरं जास्त निघाली. दोन-चार नाही, काही ठिकाणी दीडपट. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे त्या नऊ घरांत एक घर बबिताचं स्वतःचं होतं. फॉर्मवर शहाऐंशी, जाळीत एकशे एक्केचाळीस.

समितीतले एक सर सरळ म्हणाले, की या मुलीनं फॉर्म एका जागी बसून भरलेत. जिला स्वतःच्या बापाच्या कळपाचा आकडा धड घेता आला नाही, तिचे बाकीचे एकसष्ट खरे कोण धरणार? मंगळवारी बैठक होती. तोवर उलगडा झाला नाही तर तीन वर्षांचं काम रद्द आणि शिष्यवृत्ती बंद. तेव्हा तिच्या गाईड, शाईस्ता मॅडम, म्हणाल्या होत्या, “रविवारी तुमच्याकडे कातरणी आहे ना? मी येते. त्या दिवशी प्रत्येक मेंढी हाताखालून जाते. बघू तरी काय घोळ आहे.”

घोळ काय आहे हे बबितानं वडिलांना गुरुवारी विचारलं होतं. रामेश्वरशी कसं बोलावं हे ज्याला माहीत नाही त्याला ते बोलणं भांडण वाटलं असतं. माहीत होतं त्यांनाही ते भांडणच वाटलं.

“अण्णा, खरं सांगा. मला शहाऐंशी कावून सांगितली?”

“शहाऐंशी हायती म्हणून.”

“मग त्या लोकांना एकशे एक्केचाळीस कशी दिसली?”

“जाळीत तितकी हायती.”

“मग शहाऐंशी कशी?”

“शहाऐंशीच.”

“अण्णा, माझं समदं शिक्षण पणाला लागलंय अन् तुमी खोटं बोलायलात!”

रामेश्वर उठून ओढ्याकडं निघून गेला होता. बाजारात मेंढी विकताना गिऱ्हाइकानं विचारायच्या आत ‘हिचा मागचा पाय जरा अधू हाय बरं’ म्हणून स्वतःच सांगणारा माणूस तो. यापायी व्यापारी त्याला वेडा म्हणायचे आणि माल मात्र त्याच्याकडूनच घ्यायचे. त्याला आयुष्यात पहिल्यांदा कोणी खोटारडा म्हटलं, आणि म्हणणारी पोटची पोरगी. गुरुवारपासून तो तिच्याशी बोलत नव्हता. बोलायचंच झालं तर ताराबाईमार्फत. “तिला म्हणावं, कातरीला धार लावून ठेव.” आणि बबिता दोन हातांच्या अंतरावर बसलेली.

एक वाक्य बोलला असता तर सगळं मिटलं असतं, हे त्याला कळत होतं. तीन दिवस तो ते वाक्य तोंडात घोळवत होता. पण ते सांगण्याचा हक्क त्याला नव्हता. ज्यांना होता त्या चुलीपाशी बसून भाकरी थापत होत्या, आणि त्यांनी ‘सांग’ म्हटल्याशिवाय तो तोंड उघडणार नव्हता. मग पोरगी रागावो, नाहीतर पुण्याचे साहेब.

धाकटा भाऊ तानाजी आठच्या सुमाराला मोटरसायकलवर आला. मागं त्याची बायको संगीता. धारूरच्या नाक्यावर तानाजीचं टायरचं दुकान होतं. दहाव्या वर्षी तो शाळेसाठी बाहेर पडला तो मेंढरांकडं फिरून आलाच नाही. कातरणीला तर वीस वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. आज आला, कारण ‘अण्णांना तुमी तरी इचारा’ म्हणून बबितानंच त्याला फोन केला होता.

गाडी लावायच्या आधीच त्यानं विचारलं. “दादा, वरची पंचावन्न मेंढरं कुणाची?”

रामेश्वरनं हात पुसला आणि कातर उचलली.

“आबा गेले तवा तू म्हणालास, कळपात निम्मी तुझी, निम्मी माझी. मी मान डोलावली. कवा मोजाया आलो का? आता ही पोरगी म्हणती एकशे एक्केचाळीस. मला कावून सांगितलं न्हाई?”

“काका, मी तसं म्हणत न्हाई,” बबिता मधे पडली. तिच्या मनात वेगळं होतं आणि हे भलतंच झालं होतं. फॉर्मवरचा आकडा विचारायला बोलावलेला काका वाटणीचा आकडा विचारत होता. “अण्णांनी लपवलं असं न्हाई...”

“मग काय मेंढरं आभाळातून पडली? तू घाबरू नको बबे. मी तुझ्या बाजूनं हाय.”

ही बाजू नको झाली होती तिला. तिनं बापाकडं पाहिलं. तो खाली मान घालून कातरीची धार अंगठ्यावर बघत होता, आणि तिला त्याची इतकी दया आली की मंगळवार गेला खड्ड्यात असं क्षणभर वाटलं. संगीतानं नवऱ्याची बाही ओढली. “तुमी गप बसा जरा. आल्या आल्या काय लावलंय?”

“कावून गप बसू? निम्मी माझी हायत!”

“चहा तरी घ्या,” संगीता म्हणाली, आणि डोक्यावरचा पदर सावरत लगबगीनं चुलीकडं गेली. तिथं तिनं छबुआत्याकडं पाहिलं, छबुआत्यानं ताराबाईकडं पाहिलं आणि ताराबाईनं पातेल्यात डाव घातला.

तेवढ्यात घाटाकडून इसाकभाईचा टेम्पो आला. धारूरचा मेंढरांचा आणि लोकरीचा व्यापारी. दर कातरणीला रिकामी पोती घेऊन यायचा आणि जेवूनच जायचा. आज त्याच्या शेजारच्या सीटवर पांढऱ्या केसांच्या, चष्मा लावलेल्या एक बाई बसल्या होत्या.

“बबिताबेटी, तुझ्या मॅडमला घेऊन आलो बघ. टॅक्सीवाला म्हणाला, पुढं रस्ता न्हाई, मी जात न्हाई. म्हणलं, चला, आपली गाडी हाय की!”

“स्वतःची गाडी बी न्हाई तिला,” छबुआत्या हळूच म्हणाली. पुतण्याची किंमत तिच्या मनात बरीच खाली आली.

शाईस्ता मॅडमनी आल्या आल्या चहा घेतला, कपडे झटकले आणि ताराबाईला विचारलं, की रश्श्यात सुकं खोबरं भाजून घालता का? ताराबाई लाजून हो म्हणाली. मग त्या जाळीच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. रामेश्वरनं एकेक मेंढी सोडायला सुरुवात केली. एका बाजूला मॅडम मोजत होत्या, दुसऱ्या बाजूला, कोणी न सांगता, तानाजी. कोकरं सोडून आकडा आला एकशे एक्केचाळीस. दोघांचाही.

मॅडमनी वहीत तो लिहिला. “रामेश्वरभाऊ, तुमची मेंढरं किती?”

सगळे गडी बघत होते. रामेश्वरनं डोक्याचा पटका नीट केला आणि म्हणाला, “शहाऐंशी.”

“बघा! बघा!” तानाजी ओरडला.

रामेश्वर जाळीकडं वळला. बिरोबाच्या नावानं भंडारा उधळला, पहिली मेंढी खाली घेतली, पाय बांधले आणि कातरायला बसला. बाकीचे गडीही बसले. दहा-बारा कातरींचा आवाज सुरू झाला, कोणीतरी ओवी म्हणायला लागलं, आणि एवढं होऊनही कातरणीचा दिवस कातरणीसारखा वाटायला लागला.

बबिता मॅडमजवळ आली. डोळ्यांत पाणी होतं ते तिनं लपवलं नाही. “मॅडम, माझी चूक झाली. मी काय सांगू समितीला? मला खरंच काही कळत नाही.”

“हातातले फॉर्म पिशवीत ठेव,” मॅडम म्हणाल्या. “कातरणी शेवटची कधी पाहिलीस?”

“चौथीत असताना. मग हॉस्टेलला गेले. नंतर दिवाळीच्या सुट्ट्या संपायच्या.”

“मग आज बस आणि बघ. काही विचारू नको. मोजूही नको.”

बबिता दगडावर बसली.

*

चुलीपाशी ताराबाईचा जीव खालीवर होत होता.

“आत्या, सांगू का तिला?”

“काय सांगतीस?” छबुआत्यानं भाकरी तव्यावर टाकली. “लेकीला ते कवा सांगतेत? मांडवात. हळद लागली की. तुला तुझ्या आईनं कवा सांगितलं? मला माझ्या आईनं कवा? आधी सांगितलं तर पोरी कोकरं विकून बांगड्या घेत्यात.”

“बबी बांगड्या घेनारी हाय का आत्या? पुस्तकं घेती ती.”

“त्याहून वाईट. अन् कागदावर गेलं म्हंजी समद्या गड्यांना कळतंय. आता संगीचंच बघ. त्या तानाजीला कळलं तर उद्या दुकानात घालंल समदं.”

संगीतानं जोरात मान डोलावली.

ताराबाईला आणखी एक भीती होती, ती तिनं या दोघींनाही सांगितली नव्हती. पोरीला कळलं म्हणजे सगळं कळणार. किती होती, किती राहिली, मधली कुठं गेली. आईनं मला न विचारता माझं विकलं, असं ती म्हणाली तर? ताराबाईनं आयुष्यात कोणाचं काही न विचारता घेतलं नव्हतं. फक्त हिचं घेतलं होतं, हिच्याचसाठी.

*

दगडावर बसून बबिता बघत होती. आधी तिला काहीच दिसलं नाही. गडी मेंढी ओढत होते, पाडत होते, कातरत होते; लोकर बाजूला पडत होती आणि बोडकी मेंढी धडपडत उठून पळत होती. मग ती फक्त बापाकडं बघायला लागली, कारण तीन दिवस त्याच्याकडं नीट पाहिलंच नव्हतं.

रामेश्वरनं चार मेंढ्या सरळ कातरल्या. पाचवी पुढं घेतली, तिचा कान चाचपला आणि कातर खाली ठेवून तो उठला. चुलीकडं गेला. वाकून छबुआत्याला काहीतरी विचारलं. तिनं भाकरीवरून नजर न काढता मान हलवली. तो परत आला आणि मग ती मेंढी कातरली.

पाणी प्यायला गेले असतील, असं बबिताला वाटलं. पण सहावीचा कान बघून तो पुन्हा उठला. या वेळी आईकडं. पुन्हा मान हलली, पुन्हा तो परत. सातवी, आठवी सरळ. नववीचा कान पाहून तो संगीताकाकूकडं गेला. संगीतानं आधी तानाजी कुठं आहे ते पाहिलं, तो पाठमोरा होता, आणि मग पटकन मान हलवली.

बबिताला आता बसवेना. ती उठली, लोकरीतून वाट काढत बापापाशी गेली आणि गुरुवारनंतर पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

“अण्णा, आजीला काय इचारून आलात?”

रामेश्वर थांबला. खोटं बोलता येत नाही ही त्याची जुनी अडचण होती.

“कातरू का म्हणून.”

“तिला कावून इचारायचं?”

“तिची हाय.”

जवळच्या तीन-चार कातरी थांबल्या. तानाजीनं मान वळवली. चुलीवरची भाकरी करपल्याचा वास आला, आणि छबुआत्याच्या हातून भाकरी करपणं ही त्या घरात कधी न झालेली गोष्ट होती.

पोत्यांवर टेकून बसलेला इसाकभाई हसायला लागला. “बेटी, हे तुला आज कळालं? पंचवीस साल झाले मी माल घेतो. छबुबाईचं मेंढरू घ्यायचं तर पैसे छबुबाईच्या हातात. ताराभाभीचं घ्यायचं तर ताराभाभीच्या. रामेश्वरभाऊला देऊन बघितले एकदा, हात मागं घेतला त्यांनी. म्हणाले, माझं न्हाई ते.”

“तुमी गप बसा ओ इसाकभाई!” छबुआत्या कडाडली.

“आता काय गप बसू आत्या, गडी बाया समदे ऐकून बसलेत.”

शाईस्ता मॅडम उठल्या आणि सरळ चुलीपाशी जाऊन छबुआत्याच्या शेजारी जमिनीवर बसल्या. वही बंद ठेवली. “आत्याबाई, तुमची किती?”

“तुमाला कशाला पायजे? सरकारला सांगता व्हय?”

“सरकारला नाही. नाव लिहिणार नाही. फक्त एवढंच लिहीन, की या कळपात बायकांची इतकी आहेत. आजवर कुठल्याच कागदावर ते आलेलं मी पाहिलं नाही.”

छबुआत्यानं मॅडमना खालून वर न्याहाळलं. “आधी मला सांगा. पुतण्या हाय का तुमाला?”

मॅडम गोंधळल्या. “आहे एक. लग्न झालंय त्याचं. दोन मुलं आहेत.”

छबुआत्यानं मोठा सुस्कारा सोडला. “मग चौदा,” ती म्हणाली. “ल्ह्या.”

सगळी हसली. बबिताही हसली, गुरुवारनंतर पहिल्यांदा. तिच्या हातात पेन कधी आलं तिलाही कळलं नाही. “आजी, म्हंजी दर साली तू...”

“मग काय रश्श्यासाठी येती का उमापूरहून? तीन यष्ट्या बदलून? माझी मेंढरं बघाया येती मी.”

“आई, तुझी?”

“बारा,” ताराबाई म्हणाली. “माझ्या आईनं दोन दिली होती लग्नात.”

“संगीताकाकू?”

संगीतानं पदर पुढं ओढला. तानाजी कंबरेवर हात ठेवून पुढं आला. “हिची कुठली आसतेत? हिला मेंढीचं तोंड कुठून अन् शेपूट कुठून ते म्हाईत न्हाई.”

“नऊ,” संगीता म्हणाली.

“नऊ काय?”

“नऊ मेंढरं. तेरा होती.”

“अन् चार?”

“दुकानातलं हवा भरायचं मशीन कुणाच्या पैशानं आलं?”

“तुझ्या भावानं दिले होते की!”

“भाऊ कशाला देतो! तो रक्षाबंधनाला साडी देत न्हाई. चार मेंढरं इकली मी, इसाकभाईला.”

तानाजीनं इसाकभाईकडं पाहिलं. इसाकभाईनं दोन्ही हात वर केले. “धंदा हाय बे तानाजी. गिऱ्हाइकाचं नाव सांगत नसतो आपण.” मग मात्र जो हशा झाला त्यात गडी कातरी टाकून लोळायचे बाकी राहिले. तानाजी आधी लाल झाला, मग त्याला स्वतःलाच हसू फुटलं. तीन वर्षं तो त्या मशीनवर गावातल्या सगळ्यांपुढं मेहुण्याची तारीफ करत होता.

बबितानं बेरीज केली. वही मांडीवर घेऊन. शहाऐंशी अण्णा-काकाची, चौदा, बारा, नऊ. तिनं दोनदा केली, मग तिसऱ्यांदा.

“एकशे एकवीस,” ती म्हणाली. “वीस राहतात.”

हसणं हळूहळू थांबलं. तानाजी भावाकडं बघत होता, पण आता आवाज चढवायची हिंमत त्याच्यात नव्हती. “दादा, वीस?”

रामेश्वर ताराबाईकडं बघत होता. मॅडमही तिच्याचकडं बघायला लागल्या.

“तारा,” छबुआत्या म्हणाली, “मांडवात सांगायचं आसतं ते. आपल्यात कवा आधी सांगितलं न्हाई.”

“मांडव पडायचा तवा पडंल आत्या.” ताराबाई उठली. पदराला हात पुसले. एवढ्या माणसांसमोर ती पहिल्यांदाच बोलत होती. “मंगळवारी तिचं समदं जायचंय अन् मी गप बसू? बबे, ती वीस तुझी हायत.”

बबिताला कळलंच नाही. “माझी म्हंजी?”

“तू झालीस तवा आबांनी कोकराच्या कानाला काप दिला, दोन्ही कानांना, तुझ्या नावाचा. त्या एकीची समदी झाली. चाळीसच्या वर गेली होती. मग मी इकली.” ताराबाईनं बोटांवर मोजलं. “तुझी हॉस्टेलची फी, पुण्याची खोली, तो लॅपटॉप. तुला न इचारता इकली मी. अण्णा म्हणत होते माझ्यातली इका. आत्यांनी न्हाई इकू दिली. म्हणल्या, पोरीचं शिक्षण पोरीच्या मेंढरांवर होऊ द्या, म्हंजी उद्या तिला कुणी उपकार केले म्हणाया नको.”

बबिता उभीच राहिली. हॉस्टेलच्या पहिल्या वर्षापासून एक गोष्ट तिच्या मनावर दगडासारखी होती: आपल्यापायी अण्णांचा कळप खाली चाललाय. दर महिन्याला पैसे आले की तिला लाज वाटायची. त्या लाजेपोटी ती एक वेळ जेवली होती, दोन वर्षं चप्पल घेतली नव्हती. आणि अण्णांच्या शहाऐंशीतलं एकही गेलं नव्हतं. ती आपल्याच मेंढरांवर शिकली होती. तिला रडू आलं आणि ते चांगलं रडू होतं. ती जाऊन आईच्या गळ्यात पडली, आणि ताराबाईचे पिठाचे हात तिच्या पाठीवर उमटले.

“हिशेब मागशील म्हणून भ्यायले मी,” ताराबाई म्हणाली.

“काय बी बोलतीस आई!”

मग ती बापाकडं वळली. “अण्णा, एवढं म्हाईत होतं तर मला कावून सांगितलं न्हाई? मी तुमाला खोटारडं म्हणले.”

“तू आमची इचारलीस, मी आमा भावांची सांगितली,” रामेश्वर म्हणाला. तो रागावलेला नव्हता, उलट तिला हे इतकं सोपं कसं कळलं नाही याचं त्याला नवल वाटत होतं. “तुझी मेंढरं माझ्यात कशी धरू मी?”

शाईस्ता मॅडमनी चष्मा काढून पुसला. 

“बबिता, तुझे फॉर्म खरे आहेत,” त्या म्हणाल्या. “बासष्ट माणसांनी तुला खरं सांगितलं. आपण निम्म्याच घराला विचारलं, एवढंच. प्रश्नावली मीही तपासली होती, म्हणजे चूक माझीसुद्धा. मंगळवारी मी समितीला हे सगळं सांगते. काम रद्द होत नाही. उलट आता कुठं सुरू होतंय. सहा महिने वाढवून मागू. बासष्ट घरी परत जा, आणि या वेळी चुलीपाशी बस.”

“काय उपयोग न्हाई,” छबुआत्या म्हणाली.

“का?”

“बिनलग्नाच्या पोरीला कोण सांगतंय? दारातून वाटंला लावतील. मी जाते हिच्या संगं. मी सांगितलं की बोलतील.” तिनं जरा विचार केला. “जाता जाता कुठं चांगला पोरगा दिसला तर तेवढंच.”

“आत्याबाई, तुम्हाला मानधन देता येईल,” मॅडम हसत म्हणाल्या.

“पैशे नको. माझ्या हातात देऊन तरी काय, मी मेंढरंच घेनार.”

आता कातरणी खऱ्या अर्थानं सुरू झाली. ओवी मघाशी मधेच तुटली होती ती वरच्या पट्टीत लागली. तानाजीनं बुशशर्ट काढून ठेवला, कुणाची तरी कातर मागून घेतली आणि पहिल्याच मेंढीला असं कातरलं की गडी म्हणाले, हिला आता बाजारात तोंड दाखवायला जागा नाही. संगीता त्याच्या शेजारी बसून, ‘तसं न्हाई, असं’ म्हणून दाखवत होती. ती कधी शिकली, हे विचारायचं त्यानं टाळलं. एका दिवसाला जेवढं कळायचं तेवढं त्याला कळून झालं होतं.

ताराबाईचा रस्सा दाट झाला होता. त्याचा वास ओढ्यापर्यंत गेला होता.

रामेश्वरनं पुढची मेंढी ओढली. काळ्या तोंडाची, दांडगी. तिला पाडून त्यानं पाय बांधले, डावा कान पाहिला, उजवा पाहिला. दोन्हीला काप होता. सवयीनं तो उठला आणि ताराबाईकडं दोन पावलं गेला. ताराबाईनं नुसती मान हलवली, हो म्हणून नव्हे, लेकीकडं दाखवून.

तो वळला. चौथीत असल्यापासून ही पोरगी त्याच्यासमोर येऊन उभी राहायची. अण्णा, हॉस्टेलला जाऊ का? अण्णा, कॉलेजला नाव घालू का? अण्णा, पुण्याला जाऊ का? प्रत्येक वेळी तो जा म्हणाला होता आणि प्रत्येक वेळी तो हो म्हणेपर्यंत ती श्वास रोखून उभी राहिली होती. आता तो लोकर चिकटलेल्या हातांनी तिच्यासमोर उभा होता, आणि मेंढी खाली पडून दोघांकडं बघत होती.

“कातरू का?” त्यानं विचारलं.

 बबितानं डोळे पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “कातरा, अण्णा.”